राणी रंगाची टोपी

परवा सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात साडी घ्यायला गेले होते. माझ्या थोरल्या बहिणीच्या, कमळताईच्या, नातीचं लग्न ठरलंय आणि मी तिची धाकटी आजी, म्हणजे मानाची पाहुणी. गादीवर टेकते न टेकते तोच दुकानदाराने "मासी, आ तमारा माटे" म्हणत माझ्यापुढे पाच-सहा साड्या उलगडल्या. राखाडी, बदामी, दुधी, विटलेली पिस्ता, आणि एक तर अशी की तिला रंग म्हणायचं की धूळ म्हणायची तेच कळेना. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. शेजारी बसलेल्या माझ्या सुनेपुढे मात्र त्याने पिवळीधमक, अबोली, मोरपंखी असा थाट मांडला. मला राग आला. मला राग लवकर येतो. बत्तीस वर्षं पालिकेच्या मराठी शाळेत चौथीच्या पोरांना शुद्धलेखन शिकवल्यावर माणसाचा स्वभाव आणखी काय होणार? मी त्याला म्हटलं, "भाई, ए पीळी आ बाजू लावो." त्याला वाटलं मी सुनेसाठी बघतेय. मी ती पिवळी खांद्यावर टाकली, आरशात पाहिलं आणि बांधून द्यायला सांगितली. सून गालातल्या गालात हसत होती. सासूबाईंना म्हातारचळ लागला असं तिला वाटलं असणार. तसं नाही. हा चळ मला पंधराव्या वर्षी लागला, आमच्या पांडेसऱ्याच्या घरात, आणि त्याची सुरुवात माझ्याच हातून झाली.

ते घर म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आप्पांची खाट, आम्हा दोघी बहिणींची ट्रंक आणि मायची शिलाई मशीन. मागच्या खोलीत स्टोव्ह, मोरी, पाण्याचे हंडे आणि स्वतः माय. चाळीच्या एका अंगाला मागांचा कारखाना होता. त्याची खटाखट दिवसभर चालायची, आणि वीज गेली की ती थांबायची आणि आम्ही सगळे दचकायचो. दुसऱ्या अंगाला कापड रंगवायची मिल, आणि मिलच्या भिंतीखालून निघून खाडीला मिळणारा गरम पाण्याचा नाला. त्या पाण्याचा रंग रोज वेगळा असे. सकाळी दात घासत आम्ही पोरं नाल्याच्या काठी उभी राहायचो आणि आज मिलमध्ये काय चाललंय ते ओळखायचो: आज बाटलीहिरवा, आज जांभळा, आज विटकरी. ते पाणी पुढे कुणाच्या शेतात, कुणाच्या पोटात जायचं हे आता कळतं आणि वाईटही वाटतं. तेव्हा मात्र ते आमचं वर्तमानपत्र होतं.

आप्पा त्या मिलच्या रंगखात्यात होते. व्यापारी बोटभर कापडाचा तुकडा पाठवायचा आणि म्हणायचा, हाच रंग हवा. आप्पा तो तुकडा दारातल्या उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि कुठली पूड किती टाकायची ते सांगायचे. रंगमास्तर शिकलेला होता, त्याच्याकडे नमुन्यांची जाड वही होती, पण एकाच ऑर्डरचे दोन ताके दोन रंगांचे निघाले की तोही "रामूभाई!" म्हणून आप्पांनाच हाक मारायचा. गावी, खानदेशात, आप्पा कपाशी वेचायला जात. "तठे पांढरं येचं, आठे ते रंगाडं," असं ते अहिराणीत आपल्या आयुष्याचं सार सांगत: तिथे पांढरं वेचलं, इथे ते रंगवलं. त्यांचे तळवे कधीच माणसाच्या कातडीच्या रंगाचे नसत. सोमवारी निळे, बुधवारी शेंदरी. कळण्याच्या भाकरीवर ठेचा घेऊन ते जेवायला बसले की मी त्यांच्या बोटांकडे बघत राहायचे. भाकरीला रंग लागायचा नाही. तो केव्हाच आत मुरलेला असायचा.

आणि त्यांचे बुशकोट! ताक्याच्या टोकाचे, रंगाचा अंदाज घ्यायला रंगवलेले तुकडे मिलमध्ये पडून असत. त्यांना फेंट म्हणायचे. आप्पा ते विचारून घरी आणत आणि माय त्यांचे बुशकोट शिवी. पोपटी, गर्द निळा, शेंदरी. एकाची तर पाठ एका निळ्याची आणि पोट दुसऱ्या निळ्याचं. बाकीच्या बापांच्या अंगावर पांढरं नाहीतर खाकी असायचं आणि आमचे आप्पा चाळीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू यायचे. मला त्याची भयंकर लाज वाटायची. एकदा शाळेत मला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं, तेव्हा आप्पा शेंदरी बुशकोट घालून पहिल्या रांगेत येऊन बसले आणि माझं नाव पुकारल्यावर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागले. बक्षीस घेऊन उतरले ती मी सरळ मैत्रिणींच्या घोळक्यात शिरले आणि वेणीची रिबीन बांधायचं नाटक करत राहिले, म्हणजे ते माझे वडील आहेत हे कुणाला कळू नये. त्यांना ते कळलं होतं. घरी जाताना त्यांनी रस्त्यात मला पेरू घेऊन दिला. आजही पेरू कापायला घेतला की मला आधी तो दिवस आठवतो.

कमळताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिची दोन स्थळं मोडली होती. सुरतेत वाढलेली पोर, तिला शेतातलं काम काय जमणार, असं एकांनी कळवलं. दुसऱ्यांनी काही कळवलंच नाही. तिसरं स्थळ लोटनबापूंच्या मुलाचं. मुलगा गावाजवळच्या दूध डेअरीत नोकरीला, स्वभावाने गरीब, आणि पाहायला आला तेव्हा त्याने ताईला एकच प्रश्न विचारला होता, तुम्हाला तिथली थंडी सोसेल ना? त्या प्रश्नावर ताई पार विरघळली. त्या दिवसापासून ती स्टोव्हला पंप मारतानाही गुणगुणायची. साखरपुडा आमच्या घरी, रविवारी सकाळी ठरला. हेही मोडलं तर ताई पुन्हा कुणासमोर पोह्यांची बशी घेऊन जाणार नाही, हे आम्ही सगळे जाणून होतो, कारण तिने ते मायला स्पष्ट सांगितलं होतं.

आप्पांचे थोरले भाऊ तात्या तीन दिवस आधीच गावाहून आले. तात्या म्हणजे धोतर, सदरा आणि डोक्यावर परीटघडीची पांढरी टोपी. झोपतानाही ते टोपी उशाशी अशी ठेवत की जाग आली की हाताला आधी ती लागावी. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक नवी पांढरी टोपी काढली आणि आप्पांच्या मांडीवर ठेवली.

"राम्या, आते तू सासरा व्हयी राहिना. हाऊ पोपटी बुशकोट आते सोड. पांढरं घाल."

आप्पा कसंनुसं हसले. "दादा, मी रंगखातामा काम करस. मनाकडे पांढरं कसं टिकी?"

"कामवर काय बी घाल. याहीसमोर पांढरं पाहिजे. लोके काय म्हंतीन?"

व्याह्यांसमोर पांढरं नसेल तर लोक काय म्हणतील ते मलाही ठाऊक होतं, आणि मी त्या लोकांतलीच एक होते. आमच्याकडे पोरीचं लग्न ठरलं की बापाने पांढऱ्यात जायचं आणि घरात सून नाहीतर जावई आला की सासूने लाल-हिरवं सोडून मातकट, काळपट लुगड्यात जायचं, हा रिवाज होता. कुणी मोठ्याने सांगत नसे. पण एखादी सासू चुकून हिरवं नेसली की नळावर सगळ्या बायका एकदम गप्प होत. मायनेही एक काळसर जांभळं पातळ ट्रंकेच्या तळाशी आणून ठेवलं होतं. ती तेव्हा चाळिशीच्या आत होती. खरं सांगते, पांढरी टोपी पाहून मला आनंदच झाला. निदान एक दिवस तरी माझे आप्पा चारचौघांसारखे दिसणार होते.

आता बादल्यांचं सांगायला हवं. रंगखात्यातल्या माणसाच्या घरात दोन बादल्या असतात. एक मिलच्या कपड्यांची, एक बाकी सगळ्यांची. आणि ती एक दुसरीत कधी, कधी म्हणजे कधीच जात नाही. आमच्या चाळीत नवी सून आली की तिला आधी देव दाखवत आणि मग बादल्या. मिलची बादली कितीही घासा, तिच्या कडांना, कानांना, बुडाच्या फटीला रंग लपून राहतोच. शनिवारी दुपारी घरात नुसती धांदल होती. डिंडोलीची मावशी मांडे भाजायचं खापर डोक्यावर घेऊन आली होती, कारण मांड्यांशिवाय साखरपुडा तिला मान्य नव्हता. मागच्या खोलीत पुरण शिजत होतं, बट्ट्यांचं पीठ मळून ठेवलं होतं, वांगी चिरून पाण्यात पडली होती. आमची चांगली बादली मायने लख्ख घासून पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याला घेतली होती. तेवढ्यात तात्यांनी मला हाक मारली. टोपीला कांजी फार होती, आप्पांच्या मोठ्या डोक्याला ती आवळत होती. "पोरी, एक पानी काढीसन वाळत घाल." मी टोपी घेतली, मोरीत गेले, तिथे एक बादली रिकामी दिसली, पाणी भरलं, टोपी बुडवली, आणि मावशी मांडा कसा हातावर झुलवते ते बघायला निघून गेले.

मावशीचे मांडे बघताना कुणाचंही भान हरपेल. पुरणाची ती एवढी गोळी, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून मनगटावर, आणि बघता बघता पातळ चादर होऊन खापरावर. पाचवा मांडा उतरला तेव्हा मला टोपी आठवली. मोरीत जाऊन पाहिलं तर पाणी राणी रंगाचं. टोपी बाहेर काढली. एक बाजू फिकी गुलाबी, एक बाजू गर्द राणी, मधे शिवणीपाशी पांढरा पट्टा. मिलची बादली होती ती. पंधरा वर्षं जी चूक मी कधी केली नाही, ती नेमकी त्या दिवशी केली. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि मोठ्याने रडायला लागले.

सगळे जमले. माय कपाळाला हात लावून उभी राहिली. त्या दिवशी आमच्या भागात बाजार बंद, आणि आप्पांच्या डोक्याच्या मापाची टोपी गावच्या दुकानातूनसुद्धा तात्यांनी शोधून आणली होती. कमळताईचं तोंड पांढरंफटक पडलं. तात्यांनी आधी मला दोन शब्द सुनावले, मग आप्पांकडे वळले. मिलमध्ये चुकलेला रंग उतरवायची पावडर असते, हायड्रो म्हणतात, हे त्यांना माहीत होतं. "हायड्रोमा टाक. घडीभरमा पांढरी व्हई."

आप्पांनी टोपी हातात घेतली, दारातल्या उजेडात धरली आणि डोळे बारीक केले. जसे मिलमध्ये करत, तसेच. मला वाटतं त्या क्षणी ते टोपीकडे बघत नव्हतेच, नुसत्या रंगाकडे बघत होते. चांगला रंग लागला होता हो. नुसता एकसारखा नव्हता. "हायड्रोघाई कापड कुजी जास," ते म्हणाले, आणि हायड्रोने कापड कुजतं हे खोटं होतं, ते मला आणि मायला दोघींनाही कळलं. मग त्यांनी मायची जुनी पातळं रंगवायला आणलेल्या पुडीची डबी काढली, अंगणात स्टोव्ह ठेवला, त्यावर जर्मनचं जुनं पातेलं चढवलं आणि मला म्हणाले, "रडू नको. मीठ लयी ये."

मी मुठीभर मीठ आणलं. पाणी तापलं, पूड विरघळली, टोपी आत गेली. आप्पा लाकडी पळीने ती हलवत राहिले आणि मी शेजारी मुसमुसत बसले. त्यांनी मला कधी कामाचं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. रंग पाण्यातच राहायला बघतो, मीठ त्याला कापडाकडे ढकलतं. "एक मूठ टाकी ते रंग कापडले नुसता हात लावस. दोन मुठी टाकी ते तठे घर करस." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आखो एक मूठ लय." मागे ओट्यावर तात्या येरझारा घालत होते. शेवटी ते थांबून एवढंच म्हणाले की उद्या आपण स्वतः बैठकीत बसणार नाही. टोपी दोरीवर वाळत पडली तेव्हा उन्हं कलली होती. सगळीकडे एकसारखी, शिवणीतसुद्धा, तजेलदार राणी रंगाची.

सकाळी आप्पांनी पांढरा लेंगा, पांढरा सदरा घातला. ते तात्यांचं ऐकून. आणि वर ती टोपी. ओट्यावर पाय ठेवताच समोरच्या जशुबेन ओरडल्या, "रामूभाई, तमे वेवाई नहीं, वरराजा लागो छो!" चाळ हसली. तात्या बैठकीत बसले खरे, पण दाराकडे तोंड करून, जणू शेजारच्या घरी आलेत. लोटनबापू आले. अंगावर कडक इस्त्रीचं पांढरं, गंभीर माणूस, गावात त्यांच्या शब्दाला वजन. सोबत पाच-सात नातेवाईक, मुलगा, आणि विहीणबाई. विहीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी थोरली सून आणली होती, त्यामुळे त्या मातीच्या रंगाचं लुगडं नेसल्या होत्या आणि भिंतीशी अशा बसल्या होत्या की भिंत कुठे संपते आणि त्या कुठे सुरू होतात ते कळू नये. वय असेल पंचेचाळीस. आता विचार करते तेव्हा अंगावर काटा येतो, माझी सून पुढच्या वर्षी तेवढी होईल.

आमच्याकडे साखर वाटण्याआधी दोन्ही व्याही भेटतात आणि एकमेकांना टॉवेल-टोपी करतात. लोटनबापू हातात पांढरी टोपी घेऊन उठले, आप्पांसमोर आले आणि थांबले. टोपीवर टोपी कशी घालणार? क्षणभर त्यांनी त्या राणी रंगाकडे पाहिलं. मग ते अगदी शांत आवाजात म्हणाले,

"याही, आधी हाई काढा. हाई पांढरी घाला. मंग साखर वाटू."

मागांचा कारखाना नेमका वीज गेल्यामुळे बंद होता. पडद्याआड ताईच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. आप्पा बोलायला लागले. ते कधी बैठकीत बोलत नसत.

"बापू, मिलमा पांढरं कापड येस ते कोरं ऱ्हास. त्याना काम बाकी ऱ्हास म्हनीसन ते पांढरं. मन्हा काम व्हई गयं. तीस वरीस मी रंग लावा. मी का कोरा शे?"

लोटनबापूंनी हातातली टोपी खाली केली नाही आणि साखरेची पुडीही सोडली नाही. आप्पांनी पडद्याकडे पाहिलं. ताईचे पाय खालून दिसत होते, बोटं आत वळलेली. आणि मग मी पाहिलं, आप्पांचा हात वर उठला, तो निळ्या नखांचा हात, टोपीकडे. पोरीसाठी ते काढणार होते. ती टोपी तर मी बुडवली होती, आणि शाळेत रिबीन बांधायचं नाटकही मीच केलं होतं. मला राहवलं नाही. "आप्पा, नका काढू!" मी भर बैठकीत ओरडले. सगळ्यांनी वळून पाहिलं. पंधरा वर्षांची पोर, व्याह्यांच्या समोर. तात्या उठले, मला बाहेर हाकलायलाच बहुधा.

त्यांच्या आधी भिंतीजवळून आवाज आला. पाणी मागण्यापलीकडे सकाळपासून एक शब्द न बोललेल्या विहीणबाई पुढे सरकल्या होत्या आणि मान वर करून टोपीकडे बघत होत्या.

"याहीबुवा, हाऊ रंग लुगडाले बसी का?"

आप्पांचा हात टोपीपाशीच राहिला. आणि मग ते व्याही राहिले नाहीत, रंगखात्यातले रामूभाई झाले. त्यांनी वाकून विहीणबाईंच्या पदराचा काठ लांबूनच न्याहाळला. "सुती व्हई ते बसी. नायलान व्हई ते दुसरी पूड लागी."

"सुतीच शे," विहीणबाई म्हणाल्या. जरा थांबल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "आन् वय व्हई गयं व्हई ते?"

"कापडले वय नही ऱ्हास, ईहीनबाई. मीठ बराबर पडाले जोयजे."

सगळ्यांत आधी हसली ती डिंडोलीची मावशी, मागच्या खोलीतून. मग माय. मग दारात गोळा झालेल्या चाळीतल्या बायका, ज्यांना अहिराणी कळत होती त्या आणि जशुबेनसारख्या ज्यांना कळत नव्हती त्याही. विहीणबाई हसल्या तेव्हा त्यांचं वय एकदम दहा वर्षांनी उतरलं. लोटनबापूंनी बायकोकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, हातातल्या पांढऱ्या टोपीचं काय करावं हे त्यांना सुचेना. मग त्यांनी ती गुमान घडी घालून खिशात ठेवली आणि साखरेची पुडी सोडली. आप्पांच्या तोंडात साखर घालताना त्यांचा हात थोडा जोरातच गेला, पण गेला. त्या दिवशीची वरण-बट्टी, घोटलेली वांगी आणि मांडे यांची चव मला अजून सांगता येईल, आणि ताईने पडद्यामागून येऊन माझ्या पाठीत घातलेला धपाटाही. तो प्रेमाचा होता. निघताना विहीणबाईंनी पिशवीतून एक जुनं लुगडं काढून मायच्या हाती दिलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

लग्न गावी झालं. मांडवाच्या तोंडाशी वरमाय उभी होती ती राणी रंगाच्या लुगड्यात, नाकात नथ, ताठ. तिच्या मागे थोरली सून डोळे मोठे करून बघत होती, आणि अख्खं गाव बघत होतं. लोटनबापू शेजारीच होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला अभिमानाशिवाय दुसरा शब्द मला तरी सापडत नाही. मायने ट्रंकेच्या तळचं काळसर पातळ आणलंच नव्हतं. ती हिरवं नेसली होती. आणि आप्पांनी लेंगा-सदराही बाजूला ठेवून सरळ शेंदरी बुशकोट घातला, टोपी तीच. मी सगळ्या लग्नात त्यांच्या शेजारी उभी होते. कुणी विचारलं नाही तरी मी सांगत होते, हे माझे वडील.

पुढे मीही शाळेत लागले आणि बाईंना शोभतील अशा फिक्या, कांजी केलेल्या साड्या बत्तीस वर्षं नेसले. शिकलेला धडा माणूस विसरतो. पण तो नंतरचा काळ. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गंमत झाली. गावाहून सुरतेला कामावर परतणारी माणसं आखाजीनंतर येत, ती या वेळी आमच्या दारात एकेक गाठोडं ठेवून जाऊ लागली. कुणाच्या सासूचं, कुणाच्या आत्याचं, कुणाच्या चुलतीचं लुगडं. विटलेलं, मातकट, आणि पदराच्या टोकाला दोऱ्याने बांधलेली एकेक चिंधी. कुणाला लुगडं त्या चिंधीसारखं लाल हवं होतं, कुणाला हिरवं, एकीला तर केशरी. आप्पा चिंधी दारातल्या उजेडात धरत. रविवारी आमच्या अंगणातल्या दोरीवर खानदेशातल्या सगळ्या सासवा फडफडत असत.

पुढच्या दिवाळीनंतर तात्या आले. चहा झाला, गावच्या गोष्टी झाल्या. आम्हाला वाटलं ते मायसाठी उडदाच्या पापडांचा डबा काढतायत. पिशवीतून काकूचं लुगडं निघालं, त्यावर हिरवी चिंधी. ते आप्पांनी घेतलं. तरी तात्यांचा हात पिशवीतच होता. मग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कुणाकडे न बघता खाटेवर ठेवलं. आप्पांनी कागद उघडला. आत परीटघडीची पांढरी टोपी होती. तात्यांच्या डोक्यावर त्या वेळी काहीच नव्हतं आणि त्यांचं टक्कल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"फिकाच करजो, राम्या," तात्या छपराकडे बघत म्हणाले. "माले लोकेस्मा फिरनं पडस."

"हा, दादा. फिकाच करस."

आप्पांनी टोपी उचलली, दारात जाऊन उजेडात धरली आणि डोळे बारीक केले. मग तात्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले,

"सुमन, मीठ लयी ये. दोन मुठी."